हेवा मैत्रिणीचा, दावा तिसरीशी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "जुन्या अमेरिकन सिटकॉम पुन्हा बघते आहे. लुसी आणि एथेल, मेरी आणि ऱ्होडा, लव्हर्न आणि शर्ली, गोल्डन गर्ल्स. सगळ्या जिवलग मैत्रिणी म्हणवतात आणि दर दुसऱ्या भागात एकमेकींवर जळतात. हा बायकांकडे बघण्याचा खोडसाळपणा आहे, की यात काही कसब आहे? मी स्वतः दोन मैत्रिणींवर विनोदी मालिका लिहिते आहे. त्यांची भांडणं ठेवू की काढून टाकू?"

ठेवा. फक्त कोण कोणाशी कशावरून भांडतंय, ते आधी तपासून घ्या. मी गेली बावीस वर्षं टीव्हीसाठी विनोदी लिहिते आहे आणि तुम्ही नावं घेतलीत त्या मालिका मी करमणुकीसाठी कमी, आतली चाकं कशी फिरतात ते बघायला जास्त वेळा लावल्या आहेत. खोडसाळपणाचा आरोप अगदीच खोटा नाही, त्याच्याकडे येते. आधी कसबाचं बोलू.

'हेवेदावे' हा शब्द आपण एका दमात म्हणून टाकतो. लिहायला बसलं की तो सोडवून घ्यावा लागतो. हेवा वेगळा, दावा वेगळा. हेव्यात 'तुझ्याकडे आहे ते मलाही हवं होतं' एवढंच असतं, त्यात तू मला नकोशी नसतेस. दाव्यात तूच नकोशी असतेस. या मालिका लिहिणाऱ्यांनी मैत्रिणींच्या वाट्याला जवळजवळ नेहमी हेवा ठेवला आणि दावा धरायला बाहेरून एक तिसरी बाई आणली. ही वाटणी एकदा दिसली की पुढे सगळीकडे दिसायला लागते.

'आय लव्ह लुसी' घ्या. सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर १५ ऑक्टोबर १९५१ ला सुरू झाली, मे १९५७ मध्ये संपली, १८० भाग. समोर बसलेले प्रेक्षक आणि एकाच वेळी चालणारे तीन फिल्म कॅमेरे, अशी चित्रीकरणाची पद्धत. नाटकासारखं एका दमात करायचं असल्यामुळे सगळं मोजक्याच सेटवर घडवायचं, म्हणजे मुख्यतः रिकार्डो दांपत्याचं बिऱ्हाड. नायिका घरात आहे, नवरा कामावर गेला आहे आणि तिच्या डोक्यात काहीतरी खूळ शिरलं आहे. ते ती सांगणार कोणाला? भिंतीला सांगून चालत नाही. म्हणून एथेल. न बोलावता आत येणारी शेजारीण ही आधी लेखकाची गरज असते, मैत्रीण ती नंतर होते. तुमच्या मालिकेतही बघा, मैत्रीण घरात शिरताना दार वाजवते का? वाजवत असेल तर त्या दोघी अजून मैत्रिणी झालेल्या नाहीत.

बऱ्याच जणांच्या ध्यानात न येणारी गोष्ट म्हणजे एथेल लुसीची घरमालकीण आहे. इमारत मर्ट्झ नवराबायकोची, रिकार्डो भाडेकरू. कागदावर वरचढ एथेल. पण नवरा गाणारा, क्लबात वाद्यवृंद चालवणारा, हे सगळं लुसीचं. एथेलच्या वाट्याला कंजूष फ्रेड. ज्याच्या हातात घर त्याच्या हातात झगमगाट नाही. या एका तिढ्यावर सहा वर्षं निघाली, कारण दोघींपैकी कोणीही कायमची वर किंवा कायमची खाली नाही.

ऑक्टोबर १९५३ मधला एक भाग तर शिकवायला घ्यावा असा आहे. दोघींना टीव्हीवरच्या कार्यक्रमात एकत्र गायचं असतं आणि दोघी नेमका एकच ड्रेस विकत आणतात. परत करायचं ठरतं आणि तरी ऐन कार्यक्रमात दोघी तोच घालून उभ्या. गाणं कोणतं, तर संगीतकार कोल पोर्टरचं, मैत्रीच्या आणाभाका घेणारं. तोंडाने आणाभाका चालू आणि हाताने एकमेकींच्या ड्रेसच्या चिंध्या. यातलं कसब असं की भांडण दिसायला ड्रेसवरून आहे, पण खरं आहे ते 'आपण दोघी उभ्या राहिल्यावर लोक कोणाकडे बघणार' यावरून. आणि गाणं थांबत नाही. एकीनेही गाणं सोडलं असतं तर तो दावा झाला असता. गाणं चालू आहे तोवर हेवाच आहे.

आता तिसरी बाई. कॅरोलाइन ॲपलबी. तिच्याशी लुसीची चढाओढ चालते ती बाळ कोणाचं जास्त गोड आणि कोणाचं जास्त हुशार यावरून. इथे प्रेमाचा ओलावा फारसा नाही, नुसतं कुरघोडीचं राजकारण. १९५५ मध्ये रिकार्डो मंडळी हॉलिवूडमध्ये असताना ही कॅरोलाइन तिथे येऊन टपकते आणि लुसीने आधीच थापा मारून ठेवलेल्या असतात की सगळे मोठे नट आपल्या ओळखीचे आहेत. कॅरोलाइनला चष्म्याशिवाय धड दिसत नाही. तिचा चष्मा लपवायच्या डावात लुसीच्या बाजूने कोण? एथेल. मग लुसी एकामागून एक नटांचे मुखवटे चढवून येते, आणि त्यांतला एक, गाजलेला विनोदी नट हार्पो मार्क्स, खराच तिथे येऊन पोचतो. दोन वर्षांपूर्वी ड्रेसच्या चिंध्या करणारी एथेल तिसरीसमोर मैत्रिणीची थाप निभावून नेते. प्रेक्षकाला मैत्री सिद्ध करून दाखवायला यापेक्षा जास्त काही करावं लागत नाही. मिठी नको, डोळ्यांत पाणी नको. चष्मा लपवला की झालं.

एथेल करणाऱ्या व्हिव्हियन व्हॅन्सला या कामासाठी एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचं मोठं पारितोषिक, मिळालं. तिचा पडद्यावरचा नवरा विल्यम फ्रॉली तिच्याहून बावीस वर्षांनी मोठा होता आणि दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नसे. पुढे १९६२ मध्ये 'द लुसी शो'त नवरे काढून टाकले. लुसी करणारी लुसिल बॉल इथे विधवा, व्हिव्हियन घटस्फोटित, दोघी मुलांसह एका घरात. पहिल्या मालिकेचा गाडा खरा कोणत्या जोडीवर चालला होता, त्याची ही कबुलीच म्हणायची.

दुसरी मालिका 'द मेरी टायलर मूर शो', १९ सप्टेंबर १९७० ते १९ मार्च १९७७. जेम्स एल. ब्रूक्स आणि ॲलन बर्न्स या जोडीची निर्मिती. माझ्या मते मैत्रीच्या लिखाणात इतकं नेमकं काम आधी कोणी केलेलं नव्हतं. मेरी रिचर्ड्स मिनियापोलिसला नवं बिऱ्हाड करायला येते आणि पडदा बाजूला सारते तर बाहेरच्या बाजूने एक बाई खिडकी पुसते आहे. ती ऱ्होडा मॉर्गनस्टर्न. तिचं म्हणणं, ही जागा माझी. घरमालकीणबाई फिलिसने ती मेरीसाठी राखून ठेवलेली. म्हणजे टीव्हीवरच्या सगळ्यात गाजलेल्या मैत्रीतलं पहिलं भांडण घराच्या ताब्यावरून आहे.

ऱ्होडाचा इथला किस्सा मी प्रत्येक नव्या लेखकाला सांगते. पहिल्याच भागाच्या प्रेक्षकांसमोरच्या तालमीत ऱ्होडा लोकांना आवडेना. भांडकुदळ वाटली. मेरी गोड, आणि ही कोण कुठली तिला घराबाहेर काढते आहे! निर्माते चिंतेत. तिला मवाळ करा, टोमणे कमी करा, असाच सल्ला एरवी कोणीही दिला असता. पण स्क्रिप्ट सुपरवायझरने वेगळंच सुचवलं: फिलिसच्या लहान मुलीला ऱ्होडा आवडते असं दाखवा. मग बेस नावाची ती मुलगी मेरीला सांगते की ऱ्होडामावशी फार मजेची आहे, आईला मात्र ती मुळीच आवडत नाही. ऱ्होडाचे संवाद होते तसेच राहिले आणि पुढच्या वेळी प्रेक्षक तिच्या विनोदांना हसू लागले. भांडणाऱ्या बाईला मऊ करू नका, तिच्यावर कोणाचा जीव आहे तेवढं दाखवा. पोर चालेल, मांजर चालेल, म्हातारा शेजारी चालेल.

आणि पुढे चार वर्षं ऱ्होडा मेरीचा हेवा करते, उघड उघड. मेरी सडपातळ, मेरी नीटनेटकी, मेरीला लोक मान देतात. ऱ्होडा हे मनात ठेवत नाही, तोंडावर बोलते. बोललेला हेवा विनोद होतो, न बोललेला विष होतो. (ऱ्होडा करणारी व्हॅलरी हार्पर दिसायला मुळीच बेढब नव्हती, पण गोष्टीत तसं ठरवून टाकलेलं होतं. पुढे ती आणखी बारीक झाल्यावर लेखकांना ते झाकता येईना. मग त्यांनी ऱ्होडाला ती काम करते त्या दुकानाच्या सौंदर्यस्पर्धेत उतरवलं. ती परत येऊन सांगते, तिसरी आले. जिंकली होती, आणि ते सांगायला तिची जीभ रेटत नाही. हेवा करायची सवय लागलेल्या माणसाला जिंकणं पचत नाही, हे इतक्या हलक्या हाताने लिहिलेलं मी फार कमी वेळा बघितलंय.)

फिलिस आणि ऱ्होडा यांच्यात मात्र दावा आहे. जानेवारी १९७३ मधल्या एका भागात फिलिसचा भाऊ येतो आणि त्याचं ऱ्होडाशी चांगलंच जमतं. फिलिसच्या जिवाचा नुसता थरकाप, ही बया आपली भावजय होणार! शेवटी ऱ्होडाच तिला सांगते की तो समलिंगी आहे. फिलिसला धक्का बसत नाही, हायसं वाटतं. त्या काळात अमेरिकन टीव्हीवर हा शब्द उच्चारणंसुद्धा मोठी गोष्ट होती, आणि लेखकांनी तो एका वैरातला आनंदाचा क्षण म्हणून वापरला. त्यावर भाषण नाही, काही नाही.

मग स्यू ॲन निव्हन्स. सप्टेंबर १९७३ मध्ये चौथ्या सीझनच्या पहिल्याच भागात बेट्टी व्हाइट ही भूमिका घेऊन आली. पडद्यावर सुगरण, गोडबोली, गृहकृत्यदक्ष बाई, आणि पडद्यामागे फिलिसच्या नवऱ्याबरोबर तिचं प्रकरण. तो नवरा, लार्स, आपल्याला कधी दिसतच नाही. ही खरी शहाणपणाची गोष्ट. पुरुषावरून दोन बायकांचं भांडण लिहायचं असेल तर पुरुषाला पडद्यावर आणूच नका. तो दिसला की प्रेक्षक त्याची किंमत करायला लागतो, 'याच्यासाठी एवढं?' असं म्हणतो आणि दोघी बायका लहान होतात. इथे फिलिस स्टुडिओतल्या खोट्या स्वयंपाकघरात स्यू ॲनला जाब विचारायला येते, आणि स्यू ॲनला काळजी काय, तर ओव्हनमधला सूफ्ले, म्हणजे अंड्याचा फुगणारा नाजूक पदार्थ, खाली बसेल. ओव्हनचं दार ती गुडघ्याने लावते. नवरा राहतो बाजूला, आपण हसतो ते त्या गुडघ्याला.

इथे माझी एक फजिती सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी एका मालिकेत दोन मैत्रिणींना एकाच माणसाच्या प्रेमात पाडलं होतं. माणूस देखणा, संवाद चुरचुरीत, निदान मला तसे वाटत होते. वाचनाला टेबलाभोवती स्मशानशांतता. त्या भूमिका करणाऱ्या दोघींपैकी एकीने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, हिला तो माणूस आवडतो असं मला एकाही वाक्यात वाटत नाहीये. मग ही एवढी का चिडली?" रात्रभर बसून मी भाग उलटा केला. माणूस काढला. ठेवलं एवढंच की एकीने आपली नोकरी सुटल्याची बातमी आधी तिसऱ्याच कोणाला सांगितली आणि दुसरीला ती चार दिवसांनी बाहेरून कळली. संवाद निम्मेअधिक तेच राहिले, आणि आता त्यांना दात फुटले. 'तुला आधी मला का नाही सांगावंसं वाटलं' हे भांडण मैत्रिणींमध्ये पुरुषापेक्षा दहापट जोरात पेटतं.

'द गोल्डन गर्ल्स'मध्ये तर हे सूत्र पुरतं उलटं करून दाखवलं आहे. सुसान हॅरिस यांनी उभी केलेली ही मालिका एनबीसीवर १४ सप्टेंबर १९८५ ते ९ मे १९९२ चालली, पुन्हा १८० भाग. मायामीतलं एक घर, डोरोथी, ब्लांच आणि रोझ या तीन मैत्रिणी आणि डोरोथीची म्हातारी आई. नोव्हेंबर १९८६ च्या एका भागात डोरोथीची कॉलेजातली मैत्रीण जीन राहायला येते. ती लेस्बियन आहे आणि तिचं मन जडतं भोळ्या रोझवर. ब्लांचला हे कळतं तेव्हा तिला राग कशाचा येतो? समोर ब्लांच असताना जीनने रोझला पसंत केलं, याचा! ब्लांचला जीन नकोच आहे, पण निवड होताना आपलं नाव दुसरं लागलं, हे तिला सोसत नाही. ड्रेसवाल्या भागातली लुसी आणि ही ब्लांच, मधे तेहेतीस वर्षं, दुखणं एकच.

या मालिकेत टोमण्यांचा पाऊस आहे, म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की टोमणे मारता आले की गोल्डन गर्ल्स लिहिता येते. नाही येत. तिथे प्रत्येकीला एकच जागा दुखरी दिली आहे आणि बाकीच्या तिघी नेमक्या तिथेच बोट ठेवतात: डोरोथीचं रूप आणि सोडून गेलेला नवरा, ब्लांचचं वय, रोझची अक्कल. पण एकीला खरोखर काही झालं की त्या जागेला कोणी हात लावत नाही. टोमणे थांबले की प्रेक्षकाला कळतं, आता मामला गंभीर आहे. म्हणजे शांतता मिळवण्यासाठी आधी गोंगाट उभा करावा लागतो. तुमच्या मसुद्यात मैत्रिणी पहिल्या पानापासून एकमेकींशी समजुतीने बोलत असतील तर दुःखाच्या सीनला तुमच्याकडे थांबवायला काही उरणारच नाही.

भूमिकांचं वाटपही ध्यानात घेण्यासारखं. आधी बेट्टी व्हाइटला ब्लांच आणि रू मॅक्लॅनहनला रोझ द्यायचं ठरत होतं, कारण व्हाइटने स्यू ॲन केलेली आणि मॅक्लॅनहनने 'मॉड' या मालिकेत भाबडी मैत्रीण. पहिल्या भागाचे दिग्दर्शक जे सँड्रिच यांनी अदलाबदल करायला लावली. पुढे चौघींनाही एमी मिळालं. आणखी एक कारागिरी: स्वयंपाकघरातल्या त्या प्रसिद्ध टेबलाला खुर्च्या तीनच. कॅमेऱ्याकडे कोणाची पाठ नको म्हणून. चौथी स्टुलावर नाही तर उभी. चार बायकांच्या घरात नेहमी एक जागा कमी, आणि ते कोणी मुद्दाम लिहिलेलं नव्हतं.

लव्हर्न आणि शर्लीबद्दल थोडंच. मिलवॉकीतल्या बिअरच्या कारखान्यात बाटल्यांना झाकणं लावणाऱ्या दोघी, १९७६ ते १९८३, एबीसीवर. १९७७-७८ आणि ७८-७९ या दोन्ही हंगामांत देशात पहिल्या क्रमांकावर. इथे हेवा कमी आणि स्वभावाची ओढाताण जास्त: एक धसमुसळी, एक स्वप्नाळू. दाव्यासाठी पैशाचा तोरा मिरवणारी रोझी ग्रीनबॉम आहेच, तुमची कॅरोलाइन ॲपलबी दुसऱ्या वेशात. मला यातून शिकण्यासारखा वाटतो तो शेवट. १९८२ मध्ये शर्ली करणारी सिंडी विल्यम्स गरोदर असताना कामाच्या तारखांवरून वाद झाला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, ती बाहेर पडली. नाव दोघींचं आणि पडद्यावर एकटी लव्हर्न. तो सीझन संपला आणि मालिकाही. 'गोल्डन गर्ल्स'चं तेच झालं. डोरोथी मालिकेतून बाहेर पडल्यावर उरलेल्या तिघींना हॉटेल चालवायला लावून 'द गोल्डन पॅलेस' काढली, एका हंगामात गुंडाळली. तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना, हे इथे निर्मात्यांच्या खिशाला कळलं.

आता तुमचा आरोप. हो, काही गोष्टी आज कानाला लागतात. एथेलच्या जाडीवरून फ्रेडचे टोमणे, एकटी राहणारी म्हणजे बिचारी हे गृहीत धरणं, कोणाच्या पुरुषांची संख्या मोजत बसणं. ते सोडूनच द्या, त्याचं समर्थन करण्यात मला रस नाही. पण हे सगळं पुरुषांनीच लिहिलं हे खरं नाही. लुसीच्या पहिल्या भागापासून लेखकांमध्ये मॅडेलिन प्यू होती, आणि लुसीला करायला लावायच्या कसरती आधी स्वतः करून बघायची. मेरी टायलर मूरच्या लेखकांत ट्रीव्हा सिल्व्हरमन होती. 'गोल्डन गर्ल्स' तर सुसान हॅरिसचीच. मला विचाराल तर खोडसाळपणा हेव्यात नसतो, तो हेव्याचं कारण स्वस्त असण्यात असतो. दोन पुरुष बढतीवरून, मानावरून, बापाच्या कौतुकावरून भांडतात आणि आपण त्याला नाट्य म्हणतो. बायकांना तेवढी मोठी कारणं द्या.

आता मसुदा उघडा आणि असं करा. दोघींच्या प्रत्येक भांडणापुढे पेन्सिलीने लिहा, हेवा की दावा. दावा असेल तिथे ते भांडण उचलून तिसऱ्या बाईच्या पदरात टाका. ती नसेल तर निर्माण करा आणि तिलाही एखादी हौस, एखादा सूफ्ले द्या, नाहीतर ती नुसती कजाग उरेल. हेवा असेल तिथे तो संबंधित मैत्रिणीच्या तोंडून, तिच्या समोर बोलवून घ्या. मग एक भाग असा शोधा ज्यात दोघी अबोला धरून आहेत आणि तेवढ्यात ती तिसरी दारात उभी राहते. दोघींपैकी कोण आधी चष्मा लपवायला धावते, ते तुम्हाला ताबडतोब सांगता आलं तर पुढचे वीस भाग तुमच्या हातात आहेत. नाही आलं, तर मला तो मसुदा पाठवू नका, आणखी एकदा लिहा आणि मग पाठवा.